वेगळं ओळखायचं तर नेहमीचं ठाऊक हवं : पतसंस्थेतल्या सायबर प्रशिक्षणाच्या प्रकल्प नोंदी

७ जुलै २०२५, सोमवार

संचालक मंडळाने शनिवारी ठराव केला. विषय : कर्मचाऱ्यांना संशयास्पद फोन, मेसेज, ई-मेल आणि कॉम्प्युटरचं वेगळं वागणं ओळखायला शिकवणे. जबाबदारी संगणक विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे. मुदत दिवाळीपर्यंत. मुख्य कार्यालय आणि यवतमाळ जिल्ह्याच्या आर्णी-दिग्रस पट्ट्यातल्या सगळ्या शाखा त्यात आल्या. दैनिक ठेव गोळा करणारे अभिकर्ते मूळ मसुद्यात नव्हते, कारण ते पगारी नाहीत, कमिशनवर काम करतात. पण वसुलीचं ॲप त्यांच्याच मोबाइलमध्ये, खातेदारांचे नंबर त्यांच्याच खिशात. त्यांना बाहेर ठेवून शिकवायचं तरी कोणाला? व्यवस्थापक साहेबांना पटलं, नावं वाढली.

मसुद्यात 'अर्ध्या दिवसाची कार्यशाळा व प्रमाणपत्र' असंही होतं. ते काढायला लावलं. अर्ध्या दिवसात माणूस माना डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच लिंकवर बोट ठेवतो.

हे काम का हवं ते पहिल्याच पानावर लिहून ठेवतो. बँकेतल्या ठेवीला डीआयसीजीसी या ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंत संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आपल्याकडे रोज पन्नास रुपये टाकणारी भाजीवाली, बस स्टँडवरचा चहावाला, रोजमजुरीच्या बाया आहेत. त्यांचा पैसा गेला तर मागे कोणी उभं नाही. सभेत एक वाक्य ऐकलं, 'आपण खेड्यातले, आपल्याकडे कोण पाहते.' जुलै २०२४ अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीवर रॅन्समवेअरचा, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचा, हल्ला झाला. ही कंपनी लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणक सेवा पुरवते. देशातली पेमेंट व्यवस्था चालवणाऱ्या एनपीसीआयने खबरदारी म्हणून तिला पेमेंटच्या जाळ्यातून बाजूला केलं आणि देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. ते ग्राहक आपल्यासारख्याच गावांतले होते.

११ जुलै, शुक्रवार

शिकवण्याआधी शाखांमध्ये नुसतं बसून पाहायचं ठरवलं. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न : गेल्या महिन्यात कॉम्प्युटरनं काही वेगळं केलं का?

सगळीकडे उत्तर एकच. "काही नाही जी."

मग काउंटरमागे खुर्ची घेऊन बसलो. तासाभरात एका शाखेत यूपीएस तीनदा ओरडला, मशीन एकदा आपोआप बंद होऊन सुरू झालं, नेट गेलं आणि आलं, पासबुक प्रिंटरने अर्धी ओळ छापून कागद धरून ठेवला. अँटिव्हायरसची खूण लाल होती. क्लार्कला विचारलं, ही लाल कधीपासून? तो म्हणाला, "लाइटीचा प्रॉब्लेम हाय सर, लाइट आली का होते बरोबर."

अडचण इथे आहे. पुस्तकांत लिहिलेलं असतं की मशीन हळू झालं, अचानक बंद पडलं, तर संशय घ्या. आमच्याकडे मशीन रोजच हळू आणि रोजच अचानक बंद. व्होल्टेज, नेट, जुना यूपीएस, उंदराने कुरतडलेली वायर, सगळं एकाच खात्यात जमा होतं आणि त्या खात्याचं नाव लाइट. जिथे बिघाड रोजचाच, तिथे घातपात बिघाडात मिसळून जातो.

बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेत फेब्रुवारी २०१६ मध्ये नेमकं हेच झालं. आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे संदेश आपोआप छापणारा प्रिंटर बंद पडला. शुक्रवार होता, तिकडे सुट्टीचा दिवस. तिथल्या माणसांना वाटलं, प्रिंटर आहे, पडतो कधी बंद. प्रत्यक्षात चोरांनीच तो गप्प केला होता, कारण त्याच वेळी बँकेच्या नावाने न्यू यॉर्कच्या फेडरल रिझर्व्हकडे पैसे वळवण्याचे आदेश चालले होते. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलातल्या खात्यांवर गेले. प्रिंटर बंद असल्याचं दिसलं सगळ्यांना. आपल्या पासबुक प्रिंटरपाशी बसून हे आठवलं, आणि प्रशिक्षण कुठून सुरू करायचं ते ठरलं.

१७ जुलै, गुरुवार

प्रत्येक मशीनसाठी एक वही. नाव दिलं 'नेहमीची वही'. दोनशे पानी, पुठ्ठ्याची, दोरीने काउंटरला बांधलेली. ॲप नाही, एक्सेल नाही. कॉम्प्युटरवरच संशय असताना नोंद त्याच कॉम्प्युटरवर ठेवण्यात अर्थ नाही.

पहिल्या पानांवर नेहमीचं काय ते : मशीन सुरू व्हायला साधारण किती मिनिटं लागतात. उजव्या कोपऱ्यात घड्याळाजवळ कोणकोणत्या खुणा असतात. डेस्कटॉपवर कोणते प्रोग्राम आहेत. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस कोण, त्याचा नंबर कोणता. पेनड्राइव्ह कोण लावतं. शाखा बंद करताना मशीन बंद करतं कोण.

हे दोन आठवडे भरायचं. त्यानंतरच्या पानांवर चार रकाने : तारीख-वेळ, काय वेगळं दिसलं, कोणाला सांगितलं, किती वाजता सांगितलं.

कारणाचा रकाना ठेवलेला नाही. व्यवस्थापक साहेबांनी विचारलं, का झालं ते नको का लिहायला? मी म्हटलं, नको. कारणाचा रकाना असला की सगळे त्यात 'लाइट' लिहितील आणि कारण सापडलं म्हटल्यावर सांगायचं राहून जाईल. दिसलं ते लिहायचं. कारण शोधणं संगणक विभागाचं काम.

२५ जुलै, शुक्रवार

मुख्य कार्यालयात पहिलं सत्र, शाखा व्यवस्थापक आणि क्लार्क. विषय फक्त मेसेज आणि ई-मेल.

खोट्या मेसेजची वीस लक्षणं फळ्यावर लिहिली नाहीत. लक्षणं बदलतात. 'भाषा अशुद्ध असेल तर खोटं' हा जुना नियम तर मुद्दाम खोडून दाखवला. आता यंत्राकडून शुद्ध मराठीत पत्र लिहून घेता येतं, सरकारी थाटातसुद्धा. तीन प्रश्न ठेवले : हा नेमकं काय मागतोय? घाई का लावतोय? आणि हे मी दुसऱ्या रस्त्याने विचारून पाहू शकतो का? दुसरा रस्ता म्हणजे वहीत आधीच लिहिलेला नंबर. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर खात्री करणं म्हणजे चोरालाच विचारणं.

सगळ्यात जास्त वेळ वेबसाइटचा पत्ता वाचण्यावर गेला आणि तो जायलाच हवा होता. आपण डावीकडून वाचतो. सुरुवातीला 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन' दिसलं की मन निवांत होतं. पण पत्त्याचा मालक कळतो तो पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीच्या शेवटच्या शब्दांवरून. 'महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन डॉट योजना-नोंद डॉट कॉम' हा पत्ता 'योजना-नोंद डॉट कॉम'वाल्याचा आहे, शासनाचा नाही. फळ्यावर असे पत्ते लिहून प्रत्येकाला मालकाखाली रेघ मारायला लावली. पहिल्या फेरीत जवळपास सगळ्यांनी डावीकडे रेघ मारली. तिसऱ्या फेरीला हात आपोआप उजवीकडे जाऊ लागले. हे नुसतं सांगून होत नाही, खडू हातात द्यावा लागतो.

एसएमएसचं सोपं आहे. यंदाच्या मे महिन्यापासून व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी एक अक्षर असतं : जाहिरात असेल तर पी, सेवेचा एस, व्यवहाराचा टी, सरकारी जी. 'तुमचं खातं बंद होणार' असा मेसेज साध्या दहा आकडी मोबाइल नंबरवरून आला की तिथेच थांबायचं. बँकांच्या सेवा-कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर राखून ठेवले आहेत, हेही सांगितलं. पण सगळ्या बँका ते अजून वापरत नाहीत, म्हणून '१६०० नाही म्हणजे खोटा' असं शिकवलं नाही. अर्धवट नियम शिकवला की लोक खऱ्या फोनलाही शिव्या घालतात आणि मग नियमच सोडून देतात.

१ ऑगस्ट, शुक्रवार

दोन शाखांत सत्र होतं. पाऊस, नाल्याला पूर, एसटी आली नाही. पुढे ढकललं.

६ ऑगस्ट, बुधवार

अभिकर्त्यांचं सत्र. हिशोबाला सगळे येतात त्याच दिवशी ठेवलं, वेगळी चक्कर नको. यात बायका निम्म्याहून जास्त.

लग्नपत्रिकेचा विषय निघाला. व्हॉट्सॲपवर ओळखीच्या नंबरवरून 'लग्नपत्रिका' नावाची फाइल येते, नावाच्या शेवटी डॉट एपीके. ती पत्रिका नसते, ॲप असतं. तशीच पीएम किसानच्या नावाची येते, आरटीओच्या चलनाची येते. ॲप बसलं की फोनवरचे मेसेज वाचतं, ओटीपी परस्पर पुढे पाठवतं आणि त्याच फोनवरून सगळ्या नातेवाइकांना तीच पत्रिका धाडतं. त्यामुळे ती नेहमी ओळखीच्याकडूनच येते. 'अनोळखी नंबरपासून सावध राहा' हा उपदेश इथे काहीच कामाचा नाही.

माझ्या जुन्या, सिमकार्ड नसलेल्या फोनवर साधं निरुपद्रवी ॲप टाकून परवानगीचे पडदे एकेक करून दाखवले. 'अज्ञात स्रोताकडून इन्स्टॉल करू द्यायचं का?' मग 'एसएमएस वाचण्याची परवानगी'. तिथे फोन फिरवला आणि सगळ्यांना तो पडदा हातात घेऊन वाचायला सांगितला. एक ताई, दहावीपर्यंत शिकलेल्या, बाजारपेठेतली वसुली पाहतात. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "लग्नाच्या पत्रिकेले माहे मेसेज कायले वाचा लागते?"

तो प्रश्न फळ्यावर जसाच्या तसा लिहिला. मोबाइल सुरक्षेवरच्या कितीतरी माहितीपत्रकांपेक्षा तो नेमका आहे. टॉर्चच्या ॲपला संपर्क यादी कायले? कर्ज देणाऱ्याला फोटो कायले? पुढच्या सगळ्या सत्रांत हाच प्रश्न वापरणार, आणि तो ताईंचा आहे असं सांगूनच.

ठरलेले नियम : वसुलीच्या फोनवर ॲप फक्त प्ले स्टोअरवरून. एपीके फाइल दाबली गेलीच तर आधी नेट बंद, फोन विमान मोडवर, मग दुसऱ्याच्या फोनवरून मला कॉल. घरी जाऊन मुलाला दाखवतो, मग सांगतो, असं नाही. त्या तासाभरातच सगळं होऊन जातं.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा, परवा तान्हा पोळा, शाखांत गर्दी नाही. म्हणून आज एका शाखेचे सगळे पेनड्राइव्ह तपासले.

एकात काय होतं ते नीट लिहितो, कारण हे प्रत्येकाने डोळ्यांनी पाहायला हवं. उघडल्यावर नेहमीची फोल्डर दिसतात : 'कर्ज मागणी', 'ऑडिट', 'सभा'. फक्त प्रत्येकाच्या चित्रावर डाव्या कोपऱ्यात छोटा बाण. उजव्या बाजूला प्रकार पाहिला तर 'शॉर्टकट', आकार १ केबी. दुहेरी क्लिक केलं की खरंच आतली कागदपत्रं उघडतात. म्हणून कोणाला शंका येत नाही. मूळ फोल्डर लपवलेली असतात. हा शॉर्टकट आधी स्वतःचा प्रोग्राम चालवतो, मशीनमध्ये शिरतो आणि मग आपल्याला आपलं फोल्डर दाखवतो. त्या मशीनला पुढचा जो पेनड्राइव्ह लागेल, तो बिघडला म्हणून समजा.

बाण कधीपासून दिसतोय? क्लार्कताई म्हणाल्या, झेरॉक्सच्या दुकानातून नोटिसांच्या प्रती काढून आणल्या तेव्हापासून. म्हणजे त्यांनी पाहिलं होतं, तारखेसकट लक्षातही होतं. त्यांना विचारलं कोणी नव्हतं, आणि आपणहून सांगावं असं ते काही त्यांना वाटलं नाही. काम तर चालू होतं.

पेनड्राइव्ह बाजूला ठेवला, मशीनचं नेट काढलं, सफाई केली. छपाईसाठी वेगळा, कोरा, लाल दोरी बांधलेला पेनड्राइव्ह ठेवला. तो शाखेच्या मशीनला परत लावण्याआधी स्कॅन करायचा. शाखेत स्वतःचा प्रिंटर मिळाला तर हा प्रश्न मुळातूनच सुटेल. प्रस्ताव दिला आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसांशी बैठक. वही वाचताना लक्षात आलं की शाखांमध्ये वरचेवर 'रिमोट घेतलं' अशी नोंद आहे. कंपनीचा माणूस फोन करतो, 'एनीडेस्कचा नंबर सांगा' म्हणतो, क्लार्क सांगतो, स्क्रीन त्याच्या हाती जाते. काम खरंच होतं. पण ठगही हेच शब्द वापरतात. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच या ॲपचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं. आपल्याच रोजच्या कामाने आपण माणसांना शिकवतो आहोत की फोनवर मागेल त्याला स्क्रीन द्या. वर्गात बसवून आपण त्याच्या उलटं सांगितलं तर ते टिकणार नाही. म्हणून आधी काम बदललं पाहिजे.

ठरलं ते असं. कंपनी शाखेला परस्पर फोन करणार नाही. शाखा संगणक विभागाला कळवेल, विभाग कंपनीला फोन करेल, काम झाल्यावर ॲप बंद झाल्याचं क्लार्क स्वतः पाहील आणि वहीत वेळ लिहील. कंपनीच्या मुलाने सांगितलं, याने उशीर होईल. होऊ दे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

सराव मेसेजचा निर्णय. कर्मचाऱ्यांना आपणच खोटे मेल पाठवून पाहायचं, कोण दाबतो आणि कोण कळवतो. मंडळाची लेखी परवानगी घेतली. मर्यादा मीच सुचवल्या : खऱ्या सरकारी कार्यालयाचं, बँकेचं नाव वापरायचं नाही; बोनस, पगारवाढ, आजारपण यांचं आमिष किंवा भीती दाखवायची नाही. डिसेंबर २०२० मध्ये गोडॅडी या अमेरिकी कंपनीने कर्मचाऱ्यांना सणाच्या बोनसचा असा खोटा मेल पाठवला होता आणि नंतर माफी मागावी लागली. दिवाळी तोंडावर असताना ज्याच्या घरी बोनसवर कपडे ठरतात, त्याला हे करणं क्रूर आहे. माझ्यावर विश्वास ठेवून ज्या माणसाने मला चूक सांगावी असं मला वाटतं, त्यालाच मी असं फसवणार नाही. काल्पनिक कुरिअरचं पार्सल ठरवलं.

आणि दाबणाऱ्यांची नावं कोणालाही द्यायची नाहीत. व्यवस्थापक साहेबांनासुद्धा नाही.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सरावाचा निकाल पाहिला. दाबणारे कमी नव्हते. पण मला दुसरं बोचलं. न दाबणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कळवलंच नाही. विचारलं तर, 'खोटं आहे हे समजलं, म्हणून डिलीट केलं.' स्वतः वाचले. शेजारच्या शाखेचं काय, हा विचार आला नाही. याउलट एका नव्या क्लार्कने दाबलं आणि पाचच मिनिटांत फोन केला, "सर, माह्याकडून दाबल्या गेलं, आता काय करू?" खऱ्या हल्ल्यात संस्था वाचेल ती या मुलामुळे. सत्रात त्याचं नाव न घेता हे सांगितलं. मोजायचं असेल तर कोण फसला हे न मोजता किती मिनिटांत कळलं ते मोजायचं. आजपासून अहवालात तेवढाच आकडा जाईल.

शेती करणारे एक ज्येष्ठ शाखा व्यवस्थापक मध्येच बोलले. कपाशीत कामगंध सापळा, म्हणजे मादीच्या वासाने नर पतंग ओढणारा, लावतो तो पतंग दिसले की फवारणीचं ठरवता यावं म्हणून, "डोमकळी दिसाची वाट पाह्यली तं मंग अळी बोंडात गेली समजा." डोमकळी म्हणजे बोंडअळी आत शिरल्याने न उमलता मिटून राहिलेलं फूल. सगळ्यांना क्षणात कळलं.

गेल्या आठवड्यात लाडकी बहीणची ई-केवायसी सक्तीची झाली आणि शाखांत बायकांची रांग लागली, कोणती लिंक खरी विचारायला. आपल्याच क्लार्कताईंनी रांगेतल्या बायकांना पत्त्याचा मालक ओळखायला शिकवलं. हे प्रकल्पाच्या व्याप्तीत नव्हतं. नोंदवून ठेवतो, कारण महत्त्वाचं आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी पावणेदहाला एका शाखेच्या शिपाईभाऊंचा फोन. व्यवस्थापकांचा नव्हे, शिपाईभाऊंचा. "सर, सकाऊन झाडाले आलो तं मशीन गरम होती. म्या परवाच बंद केली होती, शनिवारी. वहीत लिहेल हाय."

वहीत खरंच होतं, शनिवार, बंद केल्याची वेळ, त्यांची सही. त्यांना म्हटलं, नेटची वायर काढा, मशीन बंद करू नका, कोणाला हात लावू देऊ नका, मी येतो. बंद करायचं नाही कारण मशीनच्या चालू स्मृतीत पुष्कळ खुणा असतात, वीज काढली की त्या पुसल्या जातात.

जाऊन पाहिलं. वीज जाऊन परत आली की मशीन आपोआप सुरू व्हावं अशी सेटिंग होती; रविवारी लाइट गेली-आली, त्यात ते सुरू झालं. म्हणजे या वेळी कारण खरोखर लाइटच. पण नोंदी वाचताना दुसरं सापडलं. रिमोटचा प्रोग्राम मशीनबरोबर आपोआप सुरू होत होता आणि त्यात कायमचा पासवर्ड घालून ठेवलेला होता. समोर कोणी बसलेलं नसतानाही बाहेरून शिरता येईल असा. कधीकाळी कोणीतरी सोयीसाठी करून ठेवलेलं. कोणी गैरफायदा घेतल्याची खूण नोंदींत मिळाली नाही. तो प्रोग्राम काढला, पासवर्ड बदलले, मग सगळ्या शाखांत शोध घेतला. आणखी काही मशीनवर तेच निघालं.

महिन्यामागे याच शाखेत मशीन गरम असण्याची नोंदही झाली नसती. शिपाईभाऊंना मंडळाच्या सभेत बोलावून अध्यक्षांच्या हस्ते सत्कार करायची शिफारस केली आहे. धोका निघाला नाही तरी कळवणाऱ्याचा मान व्हायला हवा, नाहीतर पुढच्या वेळी तो म्हणेल, मागच्यासारखंच असेल.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आजची नोंद सविस्तर.

दुपारी लेखापाल मॅडमना व्हॉट्सॲप आला. नवा नंबर, फोटो अध्यक्षांचा, फेटा बांधलेला, वार्षिक सभेतला. मजकूर : 'मी सभेत आहे, फोन घेऊ शकत नाही. खालील खात्यात तात्काळ आरटीजीएस करा. नंतर बोलतो.' रक्कम मोठी. भाषा अध्यक्षांचीच वाटावी अशी.

मॅडमनी अध्यक्षांच्या जुन्या नंबरवर फोन लावला. लागला नाही. मग घरच्या नंबरवर लावला. काकूंनी सांगितलं, ते वावरात आहेत, सोयाबीन काढणी सुरू आहे. गड्याला पाठवून बोलावलं. अध्यक्ष म्हणाले, मी काहीच पाठवलेलं नाही.

हे सरळ दिसतं पण सरळ नाही. आमच्याकडे अध्यक्षांना 'तुम्हीच पाठवलं का?' विचारणं म्हणजे त्यांच्या शब्दावर शंका. वयाने मोठे, गावात मान. ठगाला नेमकं हेच ठाऊक असतं. 'फोन करू नका' लिहिलं की माणूस संकोचाने करत नाही. म्हणून ऑगस्टच्या सभेत ठराव करून घेतला होता : पैशाच्या कोणत्याही मागणीवर उलट फोन करून खात्री करणं हे कर्तव्य आहे, ते कोणीही अनादर समजणार नाही. अध्यक्षांनी स्वतः मुख्य कार्यालयाच्या सत्रात उभं राहून सांगितलं होतं, मला रात्री बारालाही उठवा. मॅडम आज म्हणाल्या, ते वाक्य कानांवर नसतं तर मी फोन केला नसता, दुसऱ्या स्वाक्षरीसाठी व्यवहार पुढे पाठवला असता.

त्यांनी लगेच मला कळवलं, मी सगळ्या शाखांना फोन केले. आणि दोन शाखांत कळलं की तोच मेसेज तिथे सकाळीच आला होता. दोघांनीही ओळखला होता. दोघांनीही पुसून टाकला होता. सांगितलं कोणालाच नाही.

सकाळी एकानेही फोन केला असता तर मॅडमना दुपारी आधीच ठाऊक असतं. त्या वाचल्या त्या स्वतःच्या धीराने, संस्थेच्या व्यवस्थेने नव्हे. सप्टेंबरच्या सरावात दिसलेलंच आज खऱ्या प्रसंगात दिसलं. ओळखणं लोकांना येऊ लागलं आहे, सांगणं अजून येत नाही. राहिलेला सगळा वेळ सांगण्याच्या सरावावर घालवायचा.

तक्रार सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर नोंदवली, मेसेजचे फोटो जोडले. पैसे गेले असते तर पहिला फोन १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकाला. त्यात घाई का, ते पुन्हा सगळ्यांना समजावलं : चोराच्या खात्यात आलेले पैसे लगेच दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात जातात. तक्रार लवकर नोंदली तर पुढच्या बँकेला ते तिथेच अडवता येतात, एटीएममधून निघाले की संपलं. आणि कॉम्प्युटर यंत्रणेवरचा हल्ला असेल तर सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार लक्षात आल्यापासून ६ तासांत त्यांना कळवावं लागतं. ते सहा तास शाखेतला माणूस गप्प बसून घालवू शकत नाही.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आज विंडोज १० चा मोफत आधार संपला. सुरक्षेच्या नेहमीच्या दुरुस्त्या यापुढे येणार नाहीत. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती मार्चमध्येच आलेली होती; ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. आपली अर्धी मशीनं विंडोज १० वर, आणि एका शाखेत एक विंडोज ७ अजून जिवंत आहे. त्याचं नेट आजच काढलं. बाकीच्यांची यादी आणि खर्च मंडळापुढे. माणसं कितीही तयार केली तरी फुटक्या दाराला ती किती वेळ टेकून उभी राहणार.

२९ ऑक्टोबर, बुधवार

मंडळापुढे अहवाल ठेवला. कोण नापास झालं, असा प्रश्न आलाच. नावं दिली नाहीत, ठरावाचा क्रमांक दाखवला. अध्यक्षांनी बाजू घेतली.

मंजूर झालेलं : शाखेला छोटा प्रिंटर, टप्प्याटप्प्याने नवी मशीनं, नव्या कर्मचाऱ्याला पहिल्या आठवड्यात वहीचं प्रशिक्षण, अभिकर्त्यांना दर महिन्याच्या हिशोबाला अर्धा तास. 'पाहिलं की फोन' हा नियम सेवाशर्तींत : अर्ध्या तासात कळवणाऱ्यावर, त्याच्याच हातून घडलेलं असलं तरी, कारवाई नाही. लपवलं तर मात्र आहे. हा ठराव सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात जास्त चर्चेनंतर झाला. एका संचालकांचं म्हणणं होतं की माफी दिली तर लोक बेफिकीर होतील. लेखापाल मॅडमनी ९ तारखेचा प्रसंग सांगितला, त्या दोन शाखांसकट. मग मत बदललं.

पुढची अडचण लगेच उभी आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने सगळ्या बँकांच्या वेबसाइट परवापर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत, 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर जायच्या आहेत. आपलं चालू खातं ज्या बँकेत आहे तिचाही पत्ता बदलतोय. आम्ही तीन महिने शिकवलं की पत्ता बदललेला दिसला तर थांबा; आता खराच बदलणार. नवा पत्ता शाखा व्यवस्थापकांनी बँकेत जाऊन लेखी घ्यायचा, वहीच्या पहिल्या पानावर जुना खोडून नवा लिहायचा, तारीख आणि सही. मेलमध्ये आलेल्या लिंकवरून नाही.

कापसाचा हंगाम सुरू होतोय. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, हमीभाव खरेदीसाठी यंदा 'कपास किसान' ॲपवर नोंदणी आहे, आणि त्याच नावाची एपीके फाइल गावात फिरायला वेळ लागणार नाही. नोव्हेंबरच्या हिशोबाला अभिकर्त्यांसमोर हाच विषय. ताईंना विचारलं आहे, त्या सत्र घ्यायला तयार आहेत.